चेंडूचा धनी

“सोड,” मी म्हणाले.

रुस्तमनं सोडला नाही. दोरी ओवलेला लाल रबरी चेंडू त्याच्या जबड्यात होता, दोरीचं टोक माझ्या मुठीत, आणि पोलीस मुख्यालयामागच्या फुफाट्यात आम्ही दोघं एकमेकांना ओढत होतो. मी अंगातला सगळा जोर लावला, तसा तो आणखीच खूश झाला. मागचे पाय जमिनीत रोवून, घशातल्या घशात गुरगुरत आणि शेपूट हलवत त्यानं मला फरफटत पुढं नेलं.

कडुनिंबाखाली बसलेले खिलारे काका हसले नाहीत.

“तू ओढतीस म्हणून त्यो ओढतोय,” ते म्हणाले. “हात मांडीला लाव आणि मेल्यागत गप उभी ऱ्हा.”

मी तसं केलं. रुस्तमनं एक-दोन हिसके दिले, मग मान वर करून माझ्याकडं बघितलं. दोरीच्या दुसऱ्या टोकाला कोणी उरलंच नाही असं त्याला वाटलं असावं. त्यानं तोंड उघडलं. चेंडू माझ्या हातात आला आणि मी तो खिशात घालायला लागले.

“खिशात न्हाई. लगेच परत दे.”

“आत्ताच तर सोडला त्यानं.”

“म्हणूनच दे. सोडलं की खेळ संपतो असं एकदा त्याच्या डोक्यात बसलं, तर पुढच्या वेळी त्यो जन्मात सोडायचा न्हाई.”

ही सोलापुरातली गोष्ट, बरीच जुनी. मी, अनुराधा बनसोडे, तेव्हा साधी शिपाई होते आणि नुकतीच बॉम्बशोधक पथकात आले होते. रुस्तम तिथला पिवळा लॅब्राडोर. तिसऱ्या वर्षात होता. प्रत्येक कुत्र्यामागं दोन हँडलर असतात. त्याचा दुसरा हँडलर बदलून गेला होता, त्या जागी मी अर्ज केला होता. पहिले हँडलर म्हणजे हवालदार रंगनाथ खिलारे. सांगोल्याकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले, उंच, वाळलेले, कमी बोलणारे. रुस्तमला त्यांनी पिल्लू असताना आणलं होतं, पुण्याला त्याच्याबरोबर राहून ट्रेनिंग पुरं केलं होतं. त्यांना मूलबाळ नव्हतं. पोलीस लाइनीत लोक म्हणायचे, खिलाऱ्याच्या घरात तिघं आहेत, त्यातला एक केनेलमध्ये झोपतो.

मला वाटलं होतं, काकांच्या हाताखाली राहायचं, ते रजेवर गेले की कुत्रा सांभाळायचा, एवढंच माझं काम. पण पहिल्याच आठवड्यात त्यांनी रुस्तमच्या खेळण्यांची पत्र्याची ट्रंक माझ्यापुढं आणून ठेवली आणि किल्ली माझ्या हातात दिली. ट्रंकेत दोरीचे चेंडू होते, जाड दोराच्या गाठी होत्या, आणि गोणपाटाच्या घट्ट शिवलेल्या वळकट्या होत्या. वळकट्या काकांच्या पत्नी पारूकाकू घरी शिवायच्या.

“आजपासनं ह्यातलं त्याला जे मिळंल ते तुझ्या हातनं,” काका म्हणाले.

“आणि तुमच्या?”

“माझ्या हातनं न्हाई.”

त्याआधी मी एक मूर्खपणा केला होता. दुपारभर एकटा पडून असतो म्हणून एक वळकटी मी केनेलमध्ये त्याच्यापाशी ठेवली होती. काकांनी ती उचलून ट्रंकेत टाकली. “चोवीस तास पुढ्यात पडलेल्या वस्तूचं अप्रूप राहत न्हाई. ह्या पोराला पगार न्हाई, पेन्शन न्हाई. ज्या वासाला लोक घाबरून पळतात त्यो वास त्यो नाकानं हुडकत जातो, ते कशासाठी? एका चेंडूसाठी. त्यो चेंडू तू फुकट वाटलास, तर काम कशापाय करंल?”

चघळायला हाड चालेल, खेळणं नाही. खेळ सुरू आपण करायचा आणि थांबवायचाही आपणच. तो दमायच्या आधी, त्याला आणखी हवा असताना थांबवायचा. त्यानं चेंडू आणून अंगावर टाकला तर फेकायचा नाही. आधी त्याला बसायला सांगायचं, बसला की फेकायचा. ओढाओढीत दात हाताला लागला तर खेळ बंद, पण रागावायचं नाही. आणि मधून मधून त्याला जिंकू द्यायचं. असं रोज काहीतरी ते सांगत, आणि सांगताना डाव्या गालाला रुमाल लावून ठेवत. दाढ दुखते म्हणायचे. डब्यातली भाकरी ते दुधात कुस्करून पार पातळ करून घेत. मी दाढेवर लवंग धरायला सांगितलं, तर मान हलवली.

रुस्तम शिकत होता, मीही शिकत होते. मैदानात पत्र्याचे डबे ओळीनं मांडायचे, एकात वासाचा नमुना ठेवायचा. रुस्तम एकेक डबा हुंगत जायचा आणि नमुन्याच्या डब्यापाशी शांत बसायचा. बसला की मी चेंडू काढायचा. हे सगळं बिनचूक व्हायचं. फक्त एक व्हायचं नाही. चेंडू तोंडात मिळाला की रुस्तम माझ्याकडं न येता कडुनिंबाखाली पळायचा आणि चेंडू काकांच्या पायापाशी ठेवायचा. मग दोन पावलं मागं सरून, पुढचे पाय पसरून, बूड वर करून वाट बघायचा.

काका दुसरीकडं बघत राहायचे.

पहिल्यांदा मला ते शिकवण्याचाच भाग वाटलं. पण ते वाढत गेलं. त्यांनी त्याला खायला घालणं बंद केलं, ते माझ्याकडं आलं. सकाळचं ब्रशिंग माझ्याकडं आलं. ते केनेलच्या बाजूनं जाणं टाळायला लागले. लांबून रुस्तमला त्यांची चाल ऐकू यायची. तो जाळीला पंजे लावून उभा राहायचा, आणि काका ऑफिसच्या मागच्या दारानं आत जायचे. एकदा त्यानं सलग तीनदा चेंडू नेऊन त्यांच्यापाशी ठेवला आणि शेवटी नुसता त्यांच्या बुटावर हनुवटी टेकून पडून राहिला, तेव्हा मला राहवलं नाही.

“काका, एकदा फेकलात तर काय बिघडतं?”

“बिघडतं.”

“तुमचाच कुत्रा आहे ना?”

“सरकारचा हाय,” ते म्हणाले आणि बूट हळूच त्याच्या हनुवटीखालून काढून घेतला.

मला त्यांचा राग आला. मुक्या जिवाला इतकं तोडून वागणारा माणूस आतून कोरडाच असणार, असं मी त्या संध्याकाळी आईजवळ बोललेसुद्धा.

दोनचार दिवसांनी, काका पथकाचे प्रमुख आवटे साहेब यांच्याकडं गेलेले असताना पारूकाकू केनेलवर आल्या. हातात दोन नव्या वळकट्या. रुस्तमनं त्यांना बघून उड्या मारल्या, त्यांनी जाळीतून त्याच्या नाकाला हात लावला आणि मग माझ्याजवळ बाकावर बसल्या.

“एक इचारू का गं? हा तयार झाला का तुझ्या हाताला?”

“काम करतो. पण अजून काकांकडंच ओढा आहे.”

“आवटे साहेबांची परीक्षा कधी?”

“माझी आणि रुस्तमची? या शनिवारी. का हो?”

काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “परीक्षेचं ऱ्हाऊ दे. तू त्यास्नी आजच सांगशील का, झाला तयार म्हणून? न्हाई झाला तरी सांग. तुझं ऐकतील. माझं ऐकत न्हाईत.”

मग त्यांनी सांगितलं. दुखत होती ती दाढ नव्हती. जिभेला गाठ होती. तुकडा काढून तपासला होता, कॅन्सर निघाला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, लगेच ऑपरेशन करा, जीभ काढावी लागेल, पण माणूस राहील. हॉस्पिटलात दोनदा खाट मिळाली होती आणि दोनदा काकांनी नाही म्हणून सांगितलं होतं.

“का?”

“म्हणतेत, कुत्र्याच्या कामाला तोंडात शब्द पायजे. जीभ हाय तवर पोरीला शिकवून घेतो, कुत्रं तिच्या हवाली करतो, मग जातो.” काकू रडल्या नाहीत. त्या रुस्तमकडं बघत होत्या. “मी ह्याला शिव्या दिल्या, माहीत हाय? देवाजवळ बसून दिल्या. त्याचा काय दोष. पण दिल्या.”

मी तडक ऑफिसबाहेर जाऊन उभी राहिले. काका बाहेर आले तेव्हा माझं तोंड बघूनच त्यांना कळलं.

“ती आली हुती व्हय,” ते म्हणाले.

“काका, आजच ॲडमिट व्हा. रुस्तमचं मी बघते.”

“काय बघतीस? तू हाक मारलीस की त्यो आधी माझ्याकडं बघतो. मी न्हाई म्हटल्यावर केनेलच्या दाराकडं तोंड करून बसंल. काम करणार न्हाई. नव्या हँडलरला जुमानत न्हाई म्हणून अनफिट लिहितील. मग कुणाच्या दावणीला जाऊन बसंल ह्यो?”

“आणि तोवर तुमचं काय?”

“माझं बघायला डॉक्टर हायत.” त्यांनी रुमाल गालावर दाबला. बोलताना आता शब्द जड येत होते, ते मला तेव्हा पहिल्यांदा कानांना जाणवलं. “उद्या एकदा करू. मी मैदानात मधोमध उभा ऱ्हातो. त्याला सापडलं की चेंडू दे. त्यो माझ्याकडं येणार. येऊ दे. तू बोलवत बसायचं न्हाई. दुसरं खेळणं काढून उलटं पळायचं, हसत, आरडत. खेळातला जीव तुझ्याकडं हाय असं त्याला दिसलं पायजे. तुझ्याकडं आला की मनापासनं खेळायचं. आणि डोळ्यात पाणी आणायचं न्हाई. त्याला समजतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानात आम्ही तिघंच होतो. मी डबे मांडले. काका मधोमध जाऊन उभे राहिले. त्या दिवशी त्यांनी पूर्ण गणवेश घातला होता, टोपीसकट. मी रुस्तमला सोडलं. तो ओळीनं हुंगत गेला आणि शेवटून दुसऱ्या डब्यापाशी टप्पदिशी बसला. मी शाबास म्हणून चेंडू टाकला. त्यानं तो हवेतच पकडला आणि थेट काकांकडं धावला.

चेंडू बुटापाशी ठेवला. मागं सरला. बूड वर केलं.

काका समोरच्या पाण्याच्या टाकीकडं बघत होते.

रुस्तमनं नाकानं चेंडू आणखी पुढं ढकलला. तो बुटाला लागून थांबला. मग तो भुंकला, एकदाच, बारीक आवाजात, घरातलं माणूस उठवावं तसा. काका हलले नाहीत. त्यानं चेंडू उचलून त्यांच्या हाताला लावला. काकांचे हात पाठीमागं गेले. तो वळसा घालून मागं गेला आणि चेंडू त्या हातांना लावायला लागला. मला बोटं दिसत होती. दोन्ही मुठी इतक्या गच्च मिटल्या होत्या की चेंडू शिरायला जागाच नव्हती.

मी पळायला हवं होतं. मी त्या मुठींकडं बघत उभी होते. तेव्हा काका बोलले. टाकीकडं बघतच, रुस्तमला कळू नये अशा कोरड्या आवाजात, जणू हवापाण्याबद्दल बोलावं तसे.

“पोरी, पळ आता. मला जास्त वेळ जमणार न्हाई.”

मी गोणपाटाची वळकटी काढली, जमिनीवर आपटली आणि उलटी पळत सुटले. हसले. ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. वळकटी फुफाट्यात नाचवत, सशासारखी इकडून तिकडं उडवत मी मैदानभर पळाले. रुस्तमनं मान वळवली. परत काकांकडं बघितलं. परत माझ्याकडं. चेंडू त्याच्या तोंडातून गळून खाली पडला, आणि तो आला. आधी दुडक्या चालीनं, थांबत थांबत, मग कान मागं टाकून सुसाट. वळकटीवर त्यानं झेप घेतली तेव्हा मी गुडघ्यावर पडले, तरी सोडली नाही. आम्ही ओढलं, गुरगुरलो, मी सोड म्हटलं, त्यानं सोडलं, मी परत दिली. त्याला जिंकू दिलं. त्यानं जिंकलेली वळकटी घेऊन एक गोल चक्कर मारली आणि ती परत माझ्याच मांडीवर आणून टाकली.

डोळ्यांत पाणी आणायचं नव्हतं. मी त्याच्या मानेत तोंड घालून हसत राहिले. त्याला समजलं का, मला माहीत नाही.

वर बघितलं तर काका फाटकापर्यंत पोचले होते. धावत नव्हते, पण रेंगाळतही नव्हते. मैदानाच्या मधोमध चेंडू पडला होता.

शनिवारी आवटे साहेबांपुढं रुस्तमनं तिन्ही नमुने शोधले आणि तिन्ही वेळा चेंडू घेऊन माझ्याकडं आला. रविवारी काका ॲडमिट झाले.

ऑपरेशन झालं, पण गाठ मानेत उतरली होती. लवकर आले असते तर उतरली नसती, असं डॉक्टर काकूंना म्हणाले. नक्की सांगता येत नाही, असंही म्हणाले. मी भेटायला जायची तेव्हा काका नळीतून दूध घेत उशाला टेकून बसलेले असायचे. बोलणं संपलंच होतं. मला बघितलं की ते मूठ मिटायचे आणि उघडायचे. म्हणजे खेळतो का? मी सगळं सांगायची. बसला, शोधला, ओढला, सोडला. ते डोळे मिटून ऐकायचे.

एकदा मी विचारलं, “काका, एकदा घेऊन येऊ का त्याला? आवटे साहेब जीप देतील.”

त्यांनी नको म्हणून मान हलवली. मला वाटलं, संकोचानं असेल. मी पुन्हा म्हणाले, आता तो पक्का झालाय, काही बिघडायचं नाही. त्यांनी माझं मनगट धरलं आणि परत मान हलवली, जोरात. तो विषय मी परत काढला नाही.

त्यानंतर त्यांना घरी सोडलं. पुढं काही करण्यासारखं राहिलं नव्हतं.

जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेआधी, एसटी स्टँडवर रोज तपासणी असायची. मी आणि रुस्तम सकाळी बाकांच्या रांगांमधून जायचो. लोक पाय वर घ्यायचे, पोरं खिदळायची, रुस्तम कोणाकडं लक्ष न देता पिशव्या, ट्रंका, पोती हुंगत जायचा. त्या दिवशी अर्धा स्टँड झाला असेल. सांगोल्याच्या फलाटाजवळच्या बाकावर मफलरमध्ये तोंड गुंडाळलेला एक माणूस बसला होता, शेजारी पारूकाकू. मी काकूंना आधी ओळखलं. काका निम्मे झाले होते.

त्यांच्या पायाशी एक फुगलेली कापडी पिशवी होती.

रुस्तम पिशवीपाशी आला. हुंगली. मग त्याचं नाक पिशवीवरून चपलेवर गेलं, चपलेवरून गुडघ्यावर. तिथं थांबलं. त्याची शेपूट खाली होती, ती सावकाश हलायला लागली. औषधांच्या वासाखालून त्याला काहीतरी सापडत होतं. त्यानं तोंड वर करून काकांकडं बघितलं, मग वळून माझ्याकडं बघितलं.

माझ्या हातातला पट्टा मी कधी सैल केला मला कळलं नाही.

काकांचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले होते. मैदानात टाकीकडं बघत होते तसे ते या वेळी दुसरीकडं बघत नव्हते. त्याच्याकडंच बघत होते, त्याचे कान, त्याचं नाक, गळ्यातला नवा पट्टा, सगळं. डोळ्यांतून पाणी मफलरमध्ये जिरत होतं. मग त्यांनी हनुवटी उचलून मला खूण केली. पुढं.

“रुस्तम, चल,” मी म्हणाले.

तो चालायला लागला. पुढची पिशवी, त्याच्या पुढची ट्रंक, मग एक पोतं. कामाला लागला की तो मागं वळून बघत नसे.

होळीच्या आधी काका गेले. दिवसकार्य झाल्यावर मी काकूंकडं गेले. त्यांनी चहा टाकला. बोलता बोलता मी म्हटलं, त्या दिवशी स्टँडवर गाठ पडली तेवढं तरी बरं झालं. सांगोल्याला निघाला होतात ना?

“कुठं निघतोय,” काकू म्हणाल्या. “त्यांना दोन पावलं चालवत नव्हतं. तुझी ड्युटी स्टँडावर हाय हे भेटायला आलेल्या एकानं सांगितलं. तेव्हापासनं खुणा चालल्या हुत्या, रिक्षा आण, रिक्षा आण. आन् निघताना खुंटीवरची पिशवी काढायला लावली, तिच्यात जुनी चादर कोंबायला लावली. मी म्हटलं, गावाला न्हाई जायचं, कुठं न्हाई जायचं, मग पिशवी कशाला?”

“मग?”

काकूंनी पातेलं उतरवून खाली ठेवलं.

“मग नाकाला बोट लावून दाखवलं मला. ड्युटीवरचं कुत्रं नुसत्या माणसाजवळ थांबत न्हाई. सामान असलं तरच येतं.”